साक्षीदाराचा गहू

आमच्या आबांना गावात कोणी नावाने हाक मारत नाही. साक्षीदार म्हणतात. बांधाचं भांडण असो की कोणाची म्हैस कोणाच्या रानात शिरली हे ठरवायचं असो, दोन्हीकडची माणसं आधी आबांकडे येतात. आबा जे पाहिलं तेवढंच सांगतात. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. सख्ख्या भावाच्या विरुद्ध साक्ष देऊन त्याच संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर चहा प्यायला गेलेला हा माणूस आहे. अशा माणसाला त्याच्या स्वतःच्या अंगणात त्याच्याच सुनेनं खोटारडं ठरवलं. त्या कापणीची ही हकीकत आहे, आणि मी तेव्हा विळा हातात धरून तिथेच उभी होते.

त्या वर्षी ऊन पंधरा दिवस आधीच तापलं. एरवी आमच्याकडे कापणी पाळीपाळीने चालते. आज याचं रान, उद्या त्याचं, सगळे मिळून सगळ्यांचं. पण त्या उन्हाने सगळ्या गावाचा गहू एकदम पिकवला. जो तो आपापल्या रानात वाकलेला. कोणी मान वर करून दुसऱ्याकडे बघेना. त्यात आमच्या दादानं बैलगाडीच्या साट्यावरून उडी मारली, ती थेट दगडावर. गुडघ्यापासून खाली प्लॅस्टर. पाच एकर गहू उभा आणि कापायला कोण, तर साठीचे आबा, गुडघे धरून उठणारी आई, वहिनी आणि मी. रोज दुपारी पश्चिमेकडे ढग जमायचे, संध्याकाळपर्यंत काळे व्हायचे आणि निघून जायचे. एक दिवस ते निघून जाणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. गारा पडल्या असत्या तर वर्षाचं खाणं मातीत गेलं असतं.

सुटका एकच होती. वहिनीचं माहेर टेकडीपलीकडे. त्यांची रानं उंचावर, थंडीची, त्यांचा गहू आमच्यानंतर वीस दिवसांनी पिकतो. म्हणजे तिकडची माणसं मोकळी होती. लग्नाला आठ महिने झाले होते, आणि जावयाचा पाय मोडल्याचं कळल्यावर वहिनीचे वडील स्वतःहून बघायला आले. व्याही म्हणजे धिप्पाड गडी. माणूस वळणावर दिसायच्या आधी त्यांचा आवाज अंगणात येतो. दादाच्या प्लॅस्टरवर त्यांनी दोनदा टिचकी मारली, चहा घेतला आणि सरळ विचारलं, "साक्षीदार, गहू कसा आहे? माणसं लागणार का?"

आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण माणूस कुठला आहे? ते हसले आणि म्हणाले, "कसला गहू न् कसलं काय! कोंबड्यांना पुरला तर पुरला. त्याला माणसं कशाला? आम्ही तिघं-चौघं उरकून टाकू. तुम्ही कशाला त्या भुशात हात घालताय?"

आता आमच्या गावात हे ऐकल्यावर समोरचा म्हणतो, "असू द्या हो, परवा पहाटे येतोच." मग आपण म्हणायचं, "छे छे, उगीच त्रास." मग तो म्हणतो, "त्रास कसला त्यात." की झालं, ठरलं. लहान पोरालाही हे कळतं. व्याह्यांनी मात्र मान डोलावली, "बरं, मग ठीक आहे," म्हणाले, चप्पल घातली आणि टेकडी चढून गेले.

आबा त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाले, "परवा येणार. बारा-चौदा तरी आणतील. व्याही माणूस मोठ्या मनाचा."

परवाच्या पहाटे आईनं चुलीवर सर्वांत मोठं पातेलं चढवलं. आबांनी आदल्या संध्याकाळीच चौदा विळे दगडावर घासून ओळीने भिंतीला लावून ठेवले होते. अर्धे शेजारून मागून आणलेले. दादाला खाटेसकट उचलून अंगणाला लागूनच असलेल्या रानाच्या कडेला नेऊन बसवलं, पेंढ्यांचे बंध वळायला. मग आम्ही टेकडीच्या वाटेकडे बघत उभे राहिलो. सूर्य वर आला. वाटेवरून एक बकरी खाली आली, ती पण दुसऱ्याची.

"येतील," आबा म्हणाले.

ऊन पायांपासून गुडघ्यांपर्यंत चढलं.

"आले नाहीत," आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "शब्दाला काही किंमत नाही का लोकांच्या? समोर बसून चहा प्यायले, विचारलं, आणि आता तोंड लपवून बसले!"

वहिनीनं कमरेला खोचलेला पदर सोडला आणि परत खोचला. "आबा, माझ्या बाबांनी शब्द दिलाच नव्हता. त्यांनी विचारलं, तुम्ही नको म्हणालात."

"नको म्हणालो म्हणून काय झालं?"

"नको म्हणालात म्हणून ते आले नाहीत."

"अगं, नको म्हणायचंच असतं!"

"पण हवे होते ना?"

"हवे होते म्हणून तर नको म्हणालो!"

वहिनी त्यांच्याकडे वळली. चिडली नव्हती, खरंच विचारात पडली होती. "आबा, मी आत बसून ऐकलं. मला वाटलं, माझ्या माहेरची माणसं तुम्हाला रानात नकोत. दोन दिवस मी तेच मनात धरून बसले. आणि गहू कोंबड्यांपुरता म्हणालात. हा बघा की केवढा उभा आहे. म्हणजे तुम्ही खोटं बोललात."

आईच्या हातातला डाव पातेल्यात पडला. दादा बंध वळता वळता थांबला. आबा वळले, पहिला विळा उचलला आणि रानाच्या कोपऱ्यात जाऊन वाकले. आम्हीही आपापली पात, म्हणजे कापत जायची ओळ, धरली.

तीन दिवस आम्ही चौघांनी कापलं. पहाटे दव असेपर्यंत विळा छान चालतो. मूठभर धाटं धरायची, बुडाशी विळा ओढायचा, मागे टाकायचं, पाय पुढे. ऊन चढलं की ओंब्या वाळतात, हात लावला तरी दाणा गळतो, म्हणून दुपारी थांबायचं. उन्हं कलली की पुन्हा. कुसळं मानेवरून आत उतरतात आणि घामात चिकटून बसतात. दुसऱ्या दिवशी माझं बोट कापलं. आईनं चिंधी बांधली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला, "हात आहेत का खोरी? एवढी घोडी झाली, विळा धरता येत नाही. कोण करणार हिला?" लगेच वहिनीकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "सूनबाई, तुझी पात किती सरळ गं! बघत राहावंसं वाटतं."

वहिनीची पात खरंच सरळ होती. आमच्या एका पातीत तिची दीड व्हायची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं तिला विचारलं होतं, "कापणी येते का गं?" तर ही म्हणाली होती, "येते. माझा हात चांगला आहे." शेजारीण महिनाभर गावात ते वाक्य वाटत फिरत होती.

शेजारणीचा नवरा तिसऱ्या दिवशी बांधावरून गेला. त्याचं रान कापून झालं होतं. तो थांबला, आमच्या उभ्या गव्हाकडे बघून म्हणाला, "वा, साक्षीदार! गहू आहे की सोनं!" आबा कंबर धरून सरळ झाले. "कसलं हो. तण आहे नुसतं. तुमच्यासारखा कुठला." "छे, आमचा तर भुसाच," तो म्हणाला आणि गेला. स्वतःहून विचारण्याएवढं त्राण त्याच्यातही उरलं नव्हतं, आणि आबा मागणार नव्हते. ते बराच वेळ विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत तिथेच उभे राहिले. पाच एकरांतलं एक एकरही पुरतं झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आणि वहिनी हौदावर हातपाय धूत होतो. तिनं विचारलं, "ताई, तुम्ही सगळे आपल्याच गव्हाला शिव्या का देता?"

"शिव्या कुठे? आपलं ते वाईटच म्हणायचं असतं वहिनी. चांगलं म्हणणं बरं दिसत नाही. चांगलं म्हणायचं ते परक्याचं."

मी पायावर पाणी ओतत होते. बोलून गेले आणि बघते तर वहिनीचा तांब्या हातातच राहिलेला.

"म्हणजे आई तुम्हाला खोरी म्हणतात..."

"ती मला रोजच काहीतरी म्हणते."

"...आणि मला म्हणतात, पात किती सरळ. स्वयंपाक किती छान. सूनबाई किती गुणाची." ती हळूच बोलत होती. "आठ महिने झाले ताई. मला वाटायचं, तुम्हाला किती बोलतात बिचारीला आणि माझं किती कौतुक."

मला उगीच खोकला आला. वहिनीनं तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि तोंड पुसायला नको तेवढा वेळ लावला. आईच्या शिव्या कोणाला अर्ध्या वाटून देता येत असत्या तर मी त्याच क्षणी दिल्या असत्या.

मग ती उठली. "ते राहू दे. आधी गहू. आबांना उद्या दुपारी टेकडीपलीकडे घेऊन जाते. तुम्ही पण चला."

आबा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण रात्रभर बहुधा तो एक शब्द त्यांना टोचत असावा, कारण सकाळी विळा ठेवताना ते स्वतःच म्हणाले, "मी खोटा नाही, हे मला व्याह्यांच्या तोंडावर सांगायचंय." जाताना त्यांनी रानातून एक ओंबी तोडली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. साक्षीला जाताना पुरावा जवळ ठेवायची त्यांची सवय.

चढावर वहिनी पुढे, आबा मध्ये, मी मागे.

"आबा, तिकडे गेल्यावर आधी काय म्हणायचं?"

"म्हणेन की, बाबांनो, येता का."

"तसं नाही. आधी गहू कसा आहे ते सांगायचं. वाईट म्हणालात तर वाईट गव्हासाठी कोण टेकडी उतरेल? म्हणा, माझा गहू चांगला आहे."

आबा चार पावलं चालले. "गहू... तसा... बरा..."

"चांगला."

"बऱ्यापैकी..."

"आबा!"

"अगं, जीभ वळत नाही!" आबा दगडावर बसले. घाम पुसत म्हणाले, "भर चौकात उघडं उभं राहिल्यासारखं वाटतं. माझ्या बापानं जन्मात स्वतःच्या बैलाला चांगलं म्हटलं नाही. जिल्ह्यातून माणसं तो बैल बघायला यायची. बाप म्हणायचा, कसला बैल, बकरी आहे."

वहिनी त्यांच्याशेजारी बसली. "आमच्याकडे तुमच्या वडिलांना लबाड म्हटलं असतं."

"आणि आमच्याकडे तुझ्या बापाला बढाईखोर म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, एवढंच."

आधी आबांना हसू आलं. वहिनीलाही आलं. मी मागे उभी राहून दोघांना हसताना पाहिलं आणि मला कारण नसताना फार बरं वाटलं.

पलीकडच्या गावात वडाएवढं मोठं एक झाड आहे, त्याच्या पाराला टेकून दुपारची माणसं बसलेली असतात. व्याही मधोमध. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा आवाज चालूच होता, "माझी म्हैस गावात एक नंबर!"

"दोन नंबर," एक हडकुळी बाई म्हणाली. ही वहिनीची आत्या. "एक नंबर सुताराची. काल दोघींचं दूध मी मापलं."

"बरोबर," व्याही म्हणाले. "दोन नंबर." आणि काहीच झालं नाही अशा थाटात पुढे बोलायला लागले. आबांनी माझ्याकडे बघितलं. असं कोणी आमच्या गावात तोंडावर म्हटलं असतं तर दोन पिढ्या बोलणं बंद झालं असतं.

"हे लोक काय म्हणतात ते खरंच मोजतात की काय?" आबांनी वहिनीला हळूच विचारलं.

"मोजतातच. नाहीतर कोणी काहीही म्हणेल."

पाणी झालं, बसणं झालं. व्याही म्हणाले, "बोला साक्षीदार, कसं काय येणं केलंत? गहू झाला का उरकून?"

आबा उभे राहिले. साक्ष द्यायला उभे राहतात तसेच, हात मागे. तोंड उघडलं आणि साठ वर्षांची सवय बाहेर पडली. "गहू काही खास नाही..."

"मग कशाला एवढं चढून आलात?" आत्यानं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. दोघंतिघं हसले. आबांचे कान लाल झाले. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं नुसती मान हलवली.

आबांनी डोळे मिटले. "गहू चांगला आहे," ते म्हणाले. जमिनीनं गिळलं नाही हे बघून त्यांनी एक डोळा उघडला. "फार चांगला आहे. असा गहू दहा वर्षांत झाला नाही! एकेक ओंबी आहे वितभर!" मी अवाक. एकदा बांध फुटल्यावर आमचा साक्षीदार थांबेचना.

"वितभर?" आत्या म्हणाली. "गव्हाची?"

"दाखवा की," कोणीतरी म्हणालं.

आबांनी खिशातून ओंबी काढली. आत्यानं ती हातात घेतली, मांडीवर सरळ ठेवली आणि बोटं लावून मापली. "सहा बोटं. वितीच्या निम्मी. हे खोटं झालं."

चार दिवसांत दुसऱ्यांदा. एकदा कमी सांगून खोटे, एकदा जास्त सांगून खोटे. मला वाटलं आबा आता पाय आपटत खाली उतरणार. पण ते त्या ओंबीकडे बघत होते. मग त्यांनी हात मागे घेतले, आणि मी लहानपणापासून ओळखते तो आवाज लागला. ज्या आवाजाला गाव उठून बसतं.

"सहा बोटं," आबा म्हणाले. "बरोबर आहे बाई. सहा बोटं ओंबी, दाणा भरलेला. पाच एकर. एक एकर कापलाय, चार उभा आहे. मुलाचा पाय मोडलाय. आम्ही चौघं आहोत आणि माझी कंबर आता वाकल्यावर सरळ होत नाही. रोज ढग येतायत. त्या दिवशी व्याह्यांनी विचारलं तेव्हा मी नको म्हणालो, ते खरं नव्हतं. मला माणसं हवी आहेत."

शेवटच्या वाक्याला आवाज थोडा फाटला. आबांना असं मागताना कधी कोणी ऐकलं नव्हतं, मी तर नाहीच. मला रडू आलं, ते मी वहिनीच्या पाठीमागे जाऊन उरकलं.

"किती हवीत?" व्याह्यांनी विचारलं.

"बारा."

"चौदा येतो. उद्या पहाटे."

संपलं. आबा आणखी कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून उभेच. "येतो" म्हणजे येतो, एवढंच असतं तिकडे, हे त्यांना वाटेत वहिनीनं तीनदा सांगितलं तेव्हा कुठे पटलं.

आणि आले. अंधुक उजाडत होतं तेव्हा टेकडीवरून चौदा माणसं एका ओळीत उतरली, पुढे व्याह्यांचा आवाज. भिंतीला टेकलेले विळे भराभर उचलले गेले. चौदा आणि आम्ही चार, अठरा पाती एकदम लागल्या तशी रानाची एक बाजू बघता बघता मोकळी व्हायला लागली. विळ्यांचा खस्स खस्स आवाज, मागे फिरून आपापल्या पेंढ्या बांधणारे, खाटेवर दादा घाईघाईनं बंध वळतोय आणि तरी पुरे पडत नाहीत म्हणून शिव्या खातोय. मी त्या दिवशी इतकी हसले की विळा दोनदा हातातून निसटला.

हसायला कारणंही होती. आई प्रत्येकाजवळ जाऊन म्हणायची, "किती चपळ हात हो तुमचा," आणि ते लोक म्हणायचे, "हो, आहे." नाही म्हणायला कोणी तयारच नाही! आई पदराने तोंड झाकून माझ्याजवळ आली, "अगं, ही माणसं कौतुक गिळून टाकतात, परत देतच नाहीत." जेवायला बसल्यावर तिनं रिवाजाप्रमाणे म्हटलं, "काही केलेलं नाही, गोड मानून घ्या." तर आत्या उठली, झाकण काढून पातेल्यात बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, "भरपूर आहे. बसा." जेवून झाल्यावर म्हणाली, "मीठ थोडं कमी. बाकी चांगलं." आईला आयुष्यात कोणी मिठाबद्दल काही सांगितलं नव्हतं. ती संध्याकाळी गुपचूप चाखून बघत होती. मला म्हणाली, "कमीच आहे गं. तीस वर्षं कमीच घालत असेन का मी?"

संध्याकाळी आत्या प्रत्येकाच्या पेंढ्या मोजायची. तिकडची ती रीतच. प्रत्येकाच्या बंधाची गाठ वेगळी, त्यामुळे चुकायला जागा नाही. आकडा ऐकायचा, मान डोलवायची, झालं. आमच्याकडे असं मोजणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. माझा आकडा शेवटून तिसरा आला. शेवटून पहिला यायची मी तयारी ठेवली होती, म्हणून मी खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची पात निघाली आणि आत्यानं लगेच पेंढ्या मोजून घेतल्या. ढग त्या दिवशी लवकर आले आणि थांबलेच. मग जी धावपळ उडाली! दोन गाड्या शेजाऱ्याच्या, एक आमची. शेजारी स्वतः आला, न बोलता बैल जोडून. पेंढ्या भराभर गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत रचल्या, वर गवताचा जाड थर, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. व्याही रचावर उभे राहून ओरडत होते, आबा खालून पेंढ्या फेकत होते. शेवटचा दगड ठेवला आणि पहिली गार ताडपत्रीवर टण्णकन पडली. मग दहा मिनिटं आभाळ फाटलं. आम्ही सगळे, वीस-बावीस माणसं, गोठ्यात बैलांच्या शेजारी दाटीवाटीनं उभे राहून मोकळ्या रानावर गारा उड्या मारताना बघत होतो. रानात आता खुंटं होती नुसती. मारा म्हणावं किती मारायच्यात त्या. आत आणलेल्या खाटेवरून दादा टाळ्या वाजवत होता.

पाऊस ओसरला तसा चहा झाला. शेजारी कपात फुंकर घालत आबांना म्हणाला, "साक्षीदार, तुमची सून भारी हो. अर्धं रान तिनंच कापलं म्हणतात. असा हात गावात नाही."

त्यानं परक्याचं चांगलं म्हटलं होतं, रीतीप्रमाणे. आता आबा काय म्हणतात याच्याकडे माझं लक्ष. आठ महिने असं कोणी म्हटलं की आबांचं उत्तर ठरलेलं: "गुणाची आहे. भाग्य आमचं."

आबांनी कप खाली ठेवला, मिशा पुसल्या. "कोण, ही?" ते म्हणाले. "कसली भारी! काही कामाची नाही. विळा धरता येत नाही, पेंढी बांधते ती उचलली की सुटते. वर तोंड हे एवढं. सासऱ्याला खोटारडं म्हणते, बोला. डोक्याला ताप आहे नुसता."

"आणि मीठ जास्त घालते," आई गोठ्याच्या दारातून म्हणाली.

चौदा पाहुणे चहाचे कप हातात धरून आबांकडे बघायला लागले. व्याही सावकाश उठले. उठतच गेले, छपराला डोकं टेकेपर्यंत. "माझ्या मुलीला काय म्हणालात?"

आणि वहिनी हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून, खदखदून. डोळ्यांतून पाणी गालांवर, गालांवरून हनुवटीवर, पुसायचंही भान नाही. "बाबा, बसा खाली," तिला धड बोलता येईना. "बसा, बसा! त्यांना थांबवू नका. आबा, आणखी सांगा ना. स्वयंपाकाचं सांगा. झाडलोटीचं सांगा."

"झाडते का कधी?" आबा म्हणाले, पण त्यांचा आवाज जड झाला होता.

व्याही एकदा मुलीकडे, एकदा आबांकडे बघत उभे. शेवटी मीच त्यांना समजावलं, की आमच्याकडे नावं ठेवतात ती फक्त आपल्या माणसाला. व्याह्यांनी ते डोक्यात घालून घ्यायला वेळ घेतला. मग बसले. कप उचलला. "रीत असेल तुमची," ते म्हणाले. "पण मी आमच्या रीतीनं सांगतो. माझी मुलगी कापणीत एक नंबर."

"दोन नंबर," आत्या म्हणाली. "मी दोनशे अठरा, ती दोनशे दोन. दोन्ही दिवस मिळून."

"बरोबर," व्याही म्हणाले.

"हो, आत्या एक नंबर," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "मी दोन."

पलीकडच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पेंढ्या मोजलेल्या होत्या, आबा स्वतः मोजताना शेजारी उभे होते, गाठी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

आबा उठले. हात मागे गेले, छाती पुढे आली, आणि साक्षीला लागतो तो आवाज लागला. "एक नंबर," ते म्हणाले. "माझी सून एक नंबर."

आमच्या गावच्या रीतीनं ती बढाई होती आणि तिकडच्या मापानं ते धडधडीत खोटं होतं. शेजाऱ्यानं कपात तोंड घातलं. आत्यानं तोंड उघडलं, आबांकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि मिटून घेतलं. साठ वर्षांत आमच्या साक्षीदारानं पहिल्यांदा खोटी साक्ष दिली, दोन गावांसमोर दिली, आणि तिला हरकत घ्यायला कोणी उभं राहिलं नाही.